अग्निबाणापासून 'अग्नी'पर्यंत : भारताच्या क्षेपणास्त्र-विकासाची वाटचाल

ओडिशातील बालासोर जिल्ह्यात चांदीपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. येथील समुद्र ओहोटीच्या वेळी कित्येक किलोमीटर मागे सरतो आणि भरतीच्या वेळी पुन्हा किनारा गाठतो. या किनाऱ्यावरून २२ मे १९८९ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी 'अग्नी' या क्षेपणास्त्राने पहिले उड्डाण केले. त्याआधीचा महिना शास्त्रज्ञांची कसोटी पाहणारा होता. २० एप्रिल रोजी उलटमोजणी अवघ्या चौदा सेकंदांवर आली असता संगणकाने 'थांबा' असा संकेत दिला व उड्डाण रहित करावे लागले. १ मे रोजी पुन्हा सिद्धता झाली. या वेळी शेवटच्या दहा सेकंदांत यंत्रणेने उड्डाण रोखले. वृत्तपत्रांतून टीका झाली, व्यंगचित्रे निघाली. संसदेपासून सामान्य नागरिकापर्यंत सर्वांचे लक्ष चांदीपूरकडे लागून राहिले होते. अखेर तिसऱ्या प्रयत्नात 'अग्नी'ने झेप घेतली आणि त्याचे सुमारे दहा मिनिटांचे उड्डाण यशस्वी झाले.

थोडा विचार केला तर आधीचे दोन थांबे हे अपयश नव्हते, असेच म्हणावे लागेल. दोष हेरून स्वतःहून थांबणारी यंत्रणा येथल्याच तंत्रज्ञांनी तयार केली होती आणि तिने आपले काम चोख बजावले होते. क्षेपणास्त्राच्या उड्डाणात दुरुस्तीची संधी मिळते ती जमिनीवरच. एकदा ज्वाला भडकली की मग काहीही परत बोलावता येत नाही. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या विद्येला इतका वेळ, पैसा व संयम का लागतो, हे समजण्यास मदत होते.

बाण आणि क्षेपणास्त्र

जुन्या मराठी कागदपत्रांत 'बाण' हा शब्द अनेकदा धनुष्याच्या बाणासाठी नव्हे, तर दारूने भरलेल्या नळीच्या अग्निबाणासाठी वापरलेला आढळतो. असे बाण सोडणाऱ्या लोकांना 'बाणदार' म्हणत. अठराव्या शतकात मराठे, मोगल व म्हैसूरकर अशा सर्वांच्याच सैन्यात हे शस्त्र होते. हैदर अली व टिपू यांच्या म्हैसूरने मात्र त्यात एक महत्त्वाची सुधारणा केली. दारूची नळी त्यांनी लोखंडाची केली. लोखंडी नळी आतील वायूचा अधिक दाब सहन करू शकते, त्यामुळे बाणाचा जोर व पल्ला दोन्ही वाढले. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना या बाणांचा तडाखा बसला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडला नेण्यात आले आणि त्यांच्या अभ्यासातून विल्यम काँग्रीव्ह याने युरोपातील युद्धांत वापरले गेलेले अग्निबाण तयार केले.

या पूर्वपीठिकेचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु तिच्यावर फार मोठी इमारत रचू नये. श्रीरंगपट्टणचा बाण आणि चांदीपूरचे क्षेपणास्त्र यांच्यामध्ये दोन शतकांचा खंड आहे. शिवाय अग्निबाण व नियंत्रित क्षेपणास्त्र यांत एक मूलभूत भेद आहे. अग्निबाण सुटताना ज्या दिशेने रोखला असेल त्या दिशेने जातो. वारा व अन्य कारणांनी तो भरकटला तर त्यावर उपाय नसतो. नियंत्रित क्षेपणास्त्र मात्र आपण कोठे आहोत, कोठे असावयास हवे होते आणि त्यासाठी किती वळले पाहिजे, याचा हिशेब उड्डाण चालू असतानाच करते व त्याप्रमाणे आपला मार्ग सुधारते. तेव्हा क्षेपणास्त्र म्हणजे केवळ जोरदार इंजिन नव्हे. इंजिन, सांगाडा, मार्गदर्शन, नियंत्रण आणि शीर्षभाग ही त्याची पाच अंगे होत. यांपैकी चार उत्तम असून पाचवे कच्चे राहिले, तरी सारा खर्च व्यर्थ जातो.

पहिली पंचवीस वर्षे

संरक्षण संशोधन व विकास संघटनेची स्थापना १९५८ साली झाली. त्याच सुमारास दिल्लीत एक लहानसे पथक क्षेपणास्त्रांच्या अभ्यासासाठी नेमण्यात आले. यातूनच पुढे हैदराबादची संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळा उभी राहिली. या प्रयोगशाळेने साठीच्या दशकात रणगाडाविरोधी लहान क्षेपणास्त्रावर काम केले. परंतु सेनादलांची तातडीची गरज भागविण्यासाठी परदेशी परवान्यावर उत्पादन करण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. त्यासाठी १९७० साली हैदराबाद येथे 'भारत डायनॅमिक्स' हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना सुरू झाला आणि तेथे फ्रेंच बनावटीची रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे तयार होऊ लागली.

परवान्यावरील उत्पादनाने कारागिरांचे हात तयार होतात, पण आराखडा करणारे डोके तयार होत नाही. एखादा भाग अमुक जाडीचाच का, अमुक मिश्रधातूचाच का, याचे उत्तर मूळ कंपनीच्या कपाटात असते. ही उणीव भरून काढण्यासाठी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी दोन प्रकल्प हाती घेण्यात आले. 'डेव्हिल' या प्रकल्पात सोव्हिएत बनावटीचे विमानविरोधी क्षेपणास्त्र सुटे करून, त्याचा प्रत्येक भाग समजून घेऊन तो येथे घडविण्याचा प्रयत्न होता. 'व्हॅलियंट' या दुसऱ्या प्रकल्पाचे उद्दिष्ट लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र तयार करणे हे होते. दोन्ही प्रकल्प पूर्णत्वास गेले नाहीत. 'व्हॅलियंट' थोड्याच वर्षांत गुंडाळला गेला आणि 'डेव्हिल' १९८० च्या सुमारास थांबविण्यात आला.

सरकारी कागदावर या प्रकल्पांची नोंद 'बंद' अशी झाली. तरीही त्या वर्षांत हैदराबादला जे साचले ते मोलाचे होते. इंजिनांच्या चाचणीचे तळ, वायुगतिशास्त्राच्या सोयी, द्रव इंधनाची इंजिने हाताळलेले तंत्रज्ञ व अनेक कार्यशाळा ही सर्व त्या 'अपयशी' प्रकल्पांचीच देणगी होय. पुढे 'पृथ्वी' क्षेपणास्त्रासाठी जे द्रव-इंधन इंजिन वापरले गेले, त्याचे मूळ 'डेव्हिल'मध्येच सापडते.

याच काळात अवकाश संशोधन संघटनेत घन इंधनाची विद्या स्वतंत्रपणे वाढत होती. 'एसएलव्ही-३' या चार टप्प्यांच्या प्रक्षेपकाचे १० ऑगस्ट १९७९ रोजीचे पहिले उड्डाण फसले. मात्र १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रक्षेपकाने 'रोहिणी' उपग्रह पृथ्वीभोवती कक्षेत सोडला. या प्रकल्पाचे संचालक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम १९८२ च्या जूनमध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेचे संचालक म्हणून रुजू झाले. अशा प्रकारे द्रव इंधन जाणणारी संस्था आणि घन इंधनाच्या अनुभवातून आलेला नेता यांची गाठ पडली.

पाच नावे, एक निर्णय

आरंभी शास्त्रज्ञांचा विचार असा होता की, एकामागून एक अशी क्षेपणास्त्रे टप्प्याटप्प्याने विकसित करावीत. कलाम यांनी आपल्या आत्मकथनात या प्रसंगाची हकीकत दिली आहे. तत्कालीन संरक्षणमंत्री श्री. आर. व्यंकटरामन यांनी ही टप्प्यांची योजना बाजूस ठेवून, सर्व क्षेपणास्त्रांचे काम एकत्रित कार्यक्रम म्हणून एकाच वेळी सुरू करण्याची सूचना केली. संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. व्ही. एस. अरुणाचलम यांनी तिला बळ दिले. मंत्रिमंडळाने ३८८ कोटी रुपये मंजूर केले आणि जुलै १९८३ मध्ये 'एकात्मिक नियंत्रित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम' सुरू झाला.

पाच क्षेपणास्त्रांना नावे मिळाली. जमिनीवरून जमिनीवर मारा करणारे ते 'पृथ्वी'. कमी पल्ल्याचे, चटकन सुटणारे विमानविरोधी ते 'त्रिशूल'. मध्यम पल्ल्याचे विमानविरोधी ते 'आकाश'. रणगाड्याचा वेध घेणारे ते 'नाग'. आणि वातावरणाबाहेर जाऊन पुन्हा आत शिरण्याचे तंत्र अजमावणारे ते 'अग्नी'. १६ सप्टेंबर १९८५ रोजी श्रीहरिकोटा येथून 'त्रिशूल'ची पहिली चाचणी झाली. 'पृथ्वी' २५ फेब्रुवारी १९८८ रोजी तेथूनच उडाले. १९८९ मध्ये 'अग्नी' आणि १९९० मध्ये 'आकाश' व 'नाग' यांची उड्डाणे झाली. कार्यक्रम मंजूर झाल्यापासून सात वर्षांत पाचही क्षेपणास्त्रे एकदा तरी आकाशात गेली होती. पहिले उड्डाण आणि सेनादलाच्या हाती पडलेले शस्त्र यांत किती अंतर असते, हे पुढे येईलच.

इंधनाची विद्या

इंधनाचे घन व द्रव असे दोन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे गुणदोष वेगळे आहेत. 'पृथ्वी'चे इंधन द्रव. त्यात तीव्र नायट्रिक आम्लावर आधारित ज्वालक आणि अमाइन वर्गातील इंधन ही दोन द्रव्ये वेगवेगळ्या टाक्यांत असतात. ती एकमेकांस भिडताच आपोआप पेटतात, निराळ्या ठिणगीची आवश्यकता नसते. इंजिन हवे तेव्हा बंद करता येत असल्यामुळे पल्ला कमीअधिक राखणे सोपे जाते. परंतु ही द्रव्ये दाहक व विषारी असतात. ती वाहून नेण्यास खास वाहने, हाताळणाऱ्या जवानांना संरक्षक पोशाख आणि मारा करण्यापूर्वी सिद्धतेस वेळ लागतो. रणभूमीवर ही मोठीच अडचण ठरते.

घन इंधन कोठारात वर्षानुवर्षे राहते आणि आज्ञा मिळताच पेटते. ते तयार करणे मात्र अतिशय कौशल्याचे काम आहे. अशा इंधनात सुमारे दोन तृतीयांश अमोनियम परक्लोरेट, त्याखालोखाल ॲल्युमिनियमची भुकटी आणि या साऱ्यांस बांधून ठेवणारे रबरासारखे बहुवारिक असते. हे मिश्रण कणकेप्रमाणे मळून क्षेपणास्त्राच्या नळकांड्यात ओततात व मंद उष्णतेवर कित्येक दिवस घट्ट होऊ देतात. मधोमध एक पोकळी ठेवतात. ही पोकळी पुष्कळदा चांदणीच्या आकाराची असते, कारण ज्वलन आतून बाहेर होत असताना जळणारे क्षेत्रफळ, आणि म्हणून मिळणारा जोर, शक्यतो एकसारखा राहावा. ओतीव इंधनात एखादा हवेचा बुडबुडा वा केसाएवढी भेग राहिली तर ज्वाला त्या भेगेत शिरते, जळणारे क्षेत्रफळ अचानक वाढते, दाब भडकतो आणि नळकांडे फुटते. म्हणून तयार नळकांड्याची क्ष-किरणांनी कसून तपासणी केली जाते.

या विद्येचे एक प्रमुख केंद्र महाराष्ट्रात आहे. १९०८ साली नैनिताल येथे स्फोटकांच्या रासायनिक तपासणीसाठी निघालेल्या एका लहान प्रयोगशाळेचा वारसा सांगणारी संस्था आज पुण्याच्या पाषाण परिसरात आहे. १९६० साली तिला स्फोटक संशोधन व विकास प्रयोगशाळेचे स्वरूप मिळाले आणि १९९५ पासून ती उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा या नावाने ओळखली जाते. क्षेपणास्त्रांची घन इंधने व स्फोटके यांवरील पायाभूत संशोधन येथे झाले. मोठ्या आकाराच्या घन इंधनासाठी नाशिक येथेही केंद्र उभारण्यात आले आहे. पाषाणचीच शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना क्षेपणास्त्रांच्या शीर्षभागांवर काम करते; तर दिघीच्या अभियांत्रिकी आस्थापनेत क्षेपणास्त्र उभे करून सोडणाऱ्या फिरत्या मंचांची रचना होते. पुणे जिल्ह्यातीलच वालचंदनगर हे साखर कारखान्यामुळे प्रसिद्धीस आलेले गाव. तेथील कार्यशाळांत अवकाश-प्रक्षेपकांची प्रचंड नळकांडी तयार होऊ लागली. उसाच्या चरकाचे सुटे भाग करणारे हात अशा कामास वळले, ही बाब महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात अधिक तपशिलाने नोंदली जावयास हवी.

दिशेचे ज्ञान

लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रास रस्ता कोण दाखवतो? जमिनीवरून रेडिओ-संदेश पाठवावेत तर शत्रू त्यात बाधा आणू शकतो. म्हणून क्षेपणास्त्राच्या पोटातच अशी यंत्रणा बसवितात की, जिला बाहेरच्या कोणत्याही खुणेची गरज पडू नये. हिला जडत्वीय मार्गदर्शन म्हणतात. डोळ्यांवर पट्टी बांधून मोटारीत बसविलेला मनुष्य गाडी केव्हा वेग घेते, केव्हा डावीकडे वळते, हे शरीराला बसणाऱ्या धक्क्यांवरून ओळखतो. त्याची स्मरणशक्ती अचूक असेल तर आपण कोठे पोचलो, हेही तो सांगू शकेल. क्षेपणास्त्रात हे काम तीन त्वरणमापक व तीन घूर्णदर्शी करतात. परस्परांशी काटकोनात बसविलेली ही साधने वेगातील व दिशेतील प्रत्येक बदल टिपतात आणि संगणक त्यांची बेरीज करीत राहतो.

या बेरजेत चूकही साठत जाते, हेच खरे संकट. एका अंशाचा केवळ सतरावा हिस्सा एवढीच दिशाचूक झाली, तरी हजार किलोमीटर अंतरावर क्षेपणास्त्र सुमारे एक किलोमीटर बाजूला पडते. तेव्हा घूर्णदर्शीचे घर्षण, तापमानाचा परिणाम, संगणकाचा वेग या सर्वांवर कमालीची हुकमत लागते. यासाठी हैदराबादजवळ 'इमारत' या संशोधन केंद्राची कोनशिला १९८५ साली बसविण्यात आली. या कामात विद्यापीठांचाही सहभाग होता. जादवपूर विद्यापीठाने 'पृथ्वी'च्या मार्गदर्शनाचे गणित सिद्ध केले. 'आकाश'च्या हवाई संरक्षणाची संगणक-प्रणाली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झाली. 'आकाश'सोबत चालणाऱ्या 'राजेंद्र' रडारसाठी दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने कला-बदलकांचे तंत्र विकसित केले. हे रडार ॲन्टेना न फिरवताच आपला किरण एका दिशेकडून दुसरीकडे क्षणार्धात नेऊ शकते आणि त्यामुळे एकाच वेळी अनेक विमानांवर नजर ठेवता येते.

तीन हजार अंशांची कसोटी

'अग्नी'ची अडचण आणखी वेगळी होती. वातावरणाबाहेर गेलेले क्षेपणास्त्र परत येताना ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने हवेत घुसते. समोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की, अग्रभागाचे तापमान ३,००० अंश सेल्सियसच्या घरात जाते. पोलाद याच्या निम्म्या तापमानालाच वितळते. आतील यंत्रणा मात्र सामान्य उन्हाळ्याच्या दिवसाएवढ्या तापमानातच राहावयास हवी. यावर उपाय म्हणजे कर्बतंतू विणून, त्यांच्यामधील पोकळ्या पुन्हा कर्बानेच भरून तयार केलेले कवच. विणकर ज्याप्रमाणे ताणा-बाणा जुळवितो त्याप्रमाणे, पण येथे तीन वा अधिक दिशांनी, धागे गुंफावे लागतात. १९८९ च्या उड्डाणात हे कवच कसोटीस उतरले.

या हलक्या व बळकट द्रव्याचा एक अनपेक्षित उपयोग पुढे झाला. हैदराबादच्या निजाम वैद्यकीय संस्थेत पोलिओग्रस्त मुलांच्या पायांना बसविलेले धातूचे आधार सुमारे तीन किलो वजनाचे असत. ते पाहून डॉ. कलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अग्नी'च्या संमिश्र द्रव्याचे तीनशे-चारशे ग्रॅमचे आधार तयार करून दिले. आपल्या भाषणांतून डॉ. कलाम ही हकीकत वारंवार सांगत.

बंद झालेली दारे

एप्रिल १९८७ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, जपान व कॅनडा या सात राष्ट्रांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रणाची व्यवस्था निर्माण केली. पाचशे किलो भार तीनशे किलोमीटर वा अधिक अंतरावर नेऊ शकणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी लागणारे सुटे भाग, द्रव्ये व यंत्रे इतरांस विकण्यावर तिने निर्बंध आणले. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर हा फास आणखी आवळला गेला. खास मिश्रधातू, वेगवान संगणक, अचूक संवेदके यांची यादी वाढतच गेली.

या निर्बंधांमुळेच भारत स्वावलंबी झाला, असे विधान अनेकदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. निर्बंधांमुळे प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळले आणि खर्च वाढला, हेही तितकेच खरे. निर्बंध आले तेव्हा धातू वितळविणारी मिश्रधातू निगम, विद्यापीठांतील संशोधक आणि सूक्ष्म कारागिरी जाणणारे लहानमोठे कारखाने देशात अस्तित्वात होते. म्हणूनच पर्याय शोधता आला. पुढे २७ जून २०१६ रोजी भारत याच नियंत्रण व्यवस्थेचा रीतसर सदस्य झाला.

बलियापालचे पानमळे

क्षेपणास्त्र तपासावयाचे तर त्यासाठी मोकळा समुद्र व मोकळा किनारा लागतो. बालासोर जिल्ह्यातच, चांदीपूरच्या उत्तरेस बलियापाल येथे कायमचा राष्ट्रीय चाचणी तळ उभारण्याचे १९८६ साली ठरले. हा भाग सुपीक. पानमळे, नारळ व भुईमूग यांवर तेथील हजारो कुटुंबांचा चरितार्थ चाले. त्यांना उठवून अन्यत्र वसविण्याची योजना होती. गावकऱ्यांनी रस्त्यांवर अडसर उभारले, सरकारी वाहनांना गावात येऊ दिले नाही, आणि हा विरोध एकदोन महिने नव्हे तर कित्येक वर्षे टिकला. पानमळा ही पिढ्यानपिढ्या मातीची निगा राखून उभी राहिलेली गोष्ट. तिची भरपाई रोख रकमेने होत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. कोयनेचे वा अन्य धरणांचे विस्थापित ज्यांनी पाहिले आहेत, त्या महाराष्ट्रातील वाचकांस या म्हणण्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

बलियापालचा तळ झाला नाही. चांदीपूरचा 'अंतरिम' म्हणून ओळखला जाणारा तळच कामी येत राहिला आणि लांब पल्ल्याच्या चाचण्यांसाठी किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरील व्हीलर बेट निवडण्यात आले. १९९३ पासून त्याचा उपयोग होऊ लागला आणि २०१५ मध्ये त्यास अब्दुल कलाम बेट असे नाव देण्यात आले. बेटावर वस्ती नसल्यामुळे कोणास उठवावे लागले नाही. चांदीपूरहून चाचणी असते तेव्हा मात्र सुरक्षेसाठी आसपासच्या वस्त्यांतील लोकांना काही तास अन्यत्र हलविले जाते व त्या दिवसाच्या रोजीबद्दल भरपाई दिली जाते. जी गोष्ट समुद्रातल्या बेटावर होऊ शकत होती, तिच्यासाठी आधी पानमळ्यांकडे बोट दाखविले गेले, हे नियोजनाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पाचांचा हिशेब

८ जानेवारी २००८ रोजी हा एकात्मिक कार्यक्रम संपल्याचे जाहीर करण्यात आले. या पंचवीस वर्षांत पाचांचे काय झाले? 'पृथ्वी' १९९४ साली सेनेत दाखल झाले. 'अग्नी' प्रथम केवळ तंत्र अजमाविण्यासाठी होते. १९९२ चे त्याचे दुसरे उड्डाण अयशस्वी ठरले, तर १९९४ चे तिसरे यशस्वी झाले. त्यानंतर त्याचा आराखडाच बदलण्यात आला. मूळ 'अग्नी'चा पहिला टप्पा घन व दुसरा द्रव इंधनाचा होता. ११ एप्रिल १९९९ रोजी उडालेल्या 'अग्नी-२' चे दोन्ही टप्पे घन इंधनाचे होते. १९ एप्रिल २०१२ रोजी पाच हजार किलोमीटरहून अधिक पल्ल्याच्या 'अग्नी-५' ची पहिली चाचणी झाली. 'अग्नी' मालिकेच्या या कामात डॉ. टेसी थॉमस यांनी प्रकल्प संचालक म्हणून नेतृत्व केले. ११ मार्च २०२४ रोजी एकाच क्षेपणास्त्रातून अनेक शीर्षभाग वेगवेगळ्या लक्ष्यांकडे नेण्याचे तंत्रही 'अग्नी-५' वर यशस्वी झाले.

'आकाश'ने सेनादलांना बरीच प्रतीक्षा करावयास लावली. १९९० साली प्रथम उडालेले हे क्षेपणास्त्र भूदल व वायुदल यांत औपचारिकपणे दाखल झाले ते २०१५ साली. परंतु त्यानंतर त्याने चांगला लौकिक मिळविला. ३० डिसेंबर २०२० रोजी त्याच्या निर्यातीस मंजुरी देताना, त्यातील ९६ टक्क्यांहून अधिक भाग स्वदेशी असल्याचे शासनाने सांगितले. मे २०२५ मधील संघर्षात हवाई संरक्षणासाठी त्याचा उपयोग झाला. 'नाग'ची कहाणी याहून लांबली. लक्ष्यातून निघणाऱ्या उष्णतेचे चित्र पाहून, एकदा सोडल्यावर स्वतःच रणगाड्याचा पाठलाग करणारे हे क्षेपणास्त्र. राजस्थानच्या वाळवंटात भर दुपारी वाळू व रणगाडा जवळजवळ सारखेच तापतात. मग चित्रात रणगाडा निराळा कसा दिसावा? या एका प्रश्नाने शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे झुंजविले. अंतिम चाचणी पोखरण येथे २२ ऑक्टोबर २०२० रोजी झाली, म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर तीस वर्षांनी.

आणि 'त्रिशूल'? पाचांपैकी सर्वांत आधी उडालेले हे क्षेपणास्त्र सेनादलांच्या हाती कधीच पडले नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ चाटून येणारी क्षेपणास्त्रे टिपण्याचे कामही त्याच्याकडून अपेक्षित होते. ते वेळेत सिद्ध झाले नाही, तेव्हा नौदलाने इस्रायलकडून 'बराक' घेतले. 'त्रिशूल' शेवटी तंत्रज्ञानाचा प्रयोग म्हणून गणले जाऊन बंद झाले. पाचही कामे एकदम हाती घेण्याच्या १९८३ च्या निर्णयाची ही दुसरी बाजू होय. मनुष्यबळ व चाचणीच्या सोयी मर्यादित असताना पाच आघाड्यांवर लढणे कठीण जाते. प्रस्तुत लेखकास तरीही तो निर्णय योग्य वाटतो, कारण निर्बंध येण्यापूर्वीची चार वर्षे त्यामुळे हाती लागली; एकामागून एक असे काम केले असते तर 'अग्नी'ची पाळी दारे बंद झाल्यावरच आली असती. मात्र सेनादलांस दिलेल्या तारखा आरंभीच अधिक सावधपणे द्यावयास हव्या होत्या, यात शंका नाही.

अलीकडील वर्षे

या कार्यक्रमानंतरच्या क्षेपणास्त्रांत स्वदेशी व परदेशी यांची सरमिसळ अधिक मोकळेपणाने झाली. ब्रह्मपुत्रा व मॉस्क्वा या दोन नद्यांच्या नावांवरून नाव घेतलेले 'ब्राह्मोस' हे भारत व रशिया यांचे संयुक्त अपत्य. १९९८ मध्ये करार आणि १२ जून २००१ रोजी चांदीपूर येथे पहिली चाचणी, इतक्या थोड्या अवधीत ते उडाले, याचे कारण त्याचे इंजिन रशियाकडे तयार होते. लक्ष्याचा वेध घेणारा त्याचा 'शोधक' हा भाग मात्र भारतीय बनावटीचा होण्यास २०१८ साल उजाडले. क्षेपणास्त्रातील सर्वांत नाजूक व सर्वांत उशिरा साध्य होणारा भाग कोणता, याचे उत्तर या तारखेत आहे. एप्रिल २०२४ मध्ये 'ब्राह्मोस'ची पहिली तुकडी फिलिपिन्सला रवाना झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने दोन गोष्टी नमूद करण्याजोग्या आहेत. पाषाणच्या आस्थापनेने विकसित केलेली 'पिनाक' ही अग्निबाणांची यंत्रणा एका वाहनावरून ४४ सेकंदांत बारा बाण सोडते. १९९९ च्या कारगिल युद्धात तिचा वापर झाला. आरंभी हे बाण अनियंत्रित होते. आता त्यांस मार्गदर्शनाची जोड देण्यात आली आहे आणि नागपूरच्या खाजगी कारखान्यातही ते तयार होत आहेत. दुसरी गोष्ट २२ सप्टेंबर २०२० ची. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर 'अर्जुन' रणगाड्याच्या तोफेतून लेसर किरणांच्या मार्गदर्शनाने जाणारे क्षेपणास्त्र डागण्यात आले. पुण्याच्या दोन प्रयोगशाळा व डेहराडूनची एक यांनी मिळून ते तयार केले होते. तोफेच्या नळीतून बाहेर पडताना बसणारा प्रचंड हिसका सोसूनही आतील नाजूक साधने शाबूत राहिली पाहिजेत, ही त्यातील मुख्य अडचण होती. त्या दिवशी तीन किलोमीटरवरील लक्ष्याचा अचूक वेध घेतला गेला.